बुडालेल्या गायी आणि बाबांचं लॅमिनेशन

माझ्याकडे अमेरिकेत बुडालेल्या गायींवरची तीन शोककाव्यं आहेत. तीन वेगळ्या गायी, तीन वेगळे कवी. हे आधीच सांगून टाकतो, कारण इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला आमच्याकडे जी जी माणसं जेवायला आली, त्यांना हे वरण-भात संपायच्या आत सांगितलं गेलं, आणि त्यातली बरीचशी पुन्हा आली नाहीत.

त्याचं असं झालं. दोन हजार सालानंतर लवकरच माझ्या बायकोला, मेधाला, इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाचं शेपूट धरून मीही आलो. मला सॉफ्टवेअरमधली नोकरी मिळाली, पण ओळखीपाळखी शून्य. रविवारी करायचं काय? इथला माणूस रविवारी मैदानात गाडी उभी करतो, डिकी उघडतो आणि घरातली अडगळ विकायला काढतो. आणि आपल्यासारखा माणूस ती अडगळ हौसेनं घरी घेऊन येतो. अशाच एका डिकीत मला जुन्या कागदांचा गठ्ठा सापडला. शे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कुठे आग लागली, बोट बुडाली, खुनी फासावर गेला, की कुणीतरी लगेच त्यावर कविता पाडायचं, ती एका सुट्या कागदावर छापायची आणि बाजारात, बंदरात विकायची. ह्या कागदाला म्हणतात ब्रॉडसाइड. लोक वाचायचे आणि फेकून द्यायचे. साउथहॅम्प्टन पडलं बंदर, त्यामुळे बोटीवरच्या माणसांच्या ट्रंकांतून त्यातले काही कागद इथवर आले होते, आणि जे फेकायचं राहून गेलं ते आता माझ्या घरी येऊ लागलं.

बरं, नुसतं जमवून गप्प बसलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी त्यांचा कॅटलॉग करायला घेतला! एक्सेलमध्ये! शीर्षक, गाव, छापखाना, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'स्थिती'. त्याची एक ठरलेली भाषा असते. 'किंचित पिवळट. कडा झिजलेल्या. मधोमध घडी. ठिकठिकाणी डाग.' ही भाषा माझ्या तोंडात इतकी बसली, की मेधाच्या मावशीचा नवा फोटो आला तेव्हा मी म्हणालो, "कडा झिजल्यात, नाही?"

"माझ्या मावशीबद्दल पुन्हा असं बोललास ना," मेधा म्हणाली, "तर तुझ्यावर प्रॅक्टिस करीन."

कागद हाताळायला मी पांढरे सुती हातमोजेही आणले होते. ते घालून मी जेवणाच्या टेबलाशी बसलो की मेधा म्हणायची, "बँड कधी सुरू होतोय?"

अशा ह्या घरात पुण्याहून बाबा आले. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते एकटे राहत होते. सरकारी कचेरीत सगळी हयात काढलेला माणूस, टापटिपीचा. बाबांची आयुष्यात दोनच गोष्टींवर श्रद्धा होती. एक म्हणजे सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, आणि दुसरी लॅमिनेशन. त्यांनी बरोबर एक जाडजूड फाइल आणली होती आणि तिच्यातला प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये बंद होता. त्यांची पेन्शनची कागदपत्रं, माझा जन्मदाखला, माझी दहावीची मार्कशीट...

"बाबा, माझी मार्कशीट इंग्लंडला कशाला आणलीत?"

"लागली म्हणजे?"

"कुणाला?"

"असं सांगून का लागते रे वस्तू?"

मी त्यांना माझा संग्रह दाखवला. हातमोजे घालून एकेक कागद उलगडला, एक लांबलचक भाषण दिलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा. म्हणजे मंगलाष्टकांचे कागद."

"अहो बाबा, काय तरी काय! हा ऐतिहासिक ठेवा आहे."

"कुणीतरी प्रसंगावर कविता करायची, ती गुलाबी कागदावर छापायची, लोकांना वाटायची, आणि लोकांनी तिच्यात लाडू बांधून न्यायचा. तेच की! तुझ्या लग्नात नव्हती का काढली?"

काढली होती. माझ्या आत्यानं रचली होती. माझं नाव सुधीर. त्याला जुळवायला आत्यानं पहिल्या कडव्यात 'अधीर' घेतलं, दुसऱ्यात 'रुधिर' (नवरी डॉक्टर होती ना!), आणि तिसऱ्यात शब्द संपल्यामुळे चक्क 'बधिर'! भर मांडवात माझे मित्र खुर्च्यांवरून घरंगळले होते. लग्न लागल्यावर उरलेला सगळा गठ्ठा मी जातीनं उचलून रद्दीत घातला. हे मी बाबांना सांगितलं, तर ते फक्त "हं" म्हणाले आणि कोमट पाणी प्यायला गेले.

पुढे बाबांना ह्या कामाची गोडीही लागली. गायीचं शोककाव्य त्यांनी ओवीच्या चालीत म्हणून दाखवलं आणि खरं सांगतो, त्या गायीबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. फक्त एक गोष्ट त्यांना सहन होत नव्हती.

"हे कागद तू असे उघडे ठेवतोस?"

"उघडे कुठे? खास फोल्डर आहेत. जुन्या कागदाला श्वास घ्यावा लागतो, बाबा. प्लास्टिकमध्ये कोंडला की संपला."

"कागद श्वास घेतो? मग आमच्या कचेरीतल्या फायलींना दमा कसा नाही झाला कधी?"

आता मिसेस हॉलोवे. ह्या आमच्या शेजारीण. एकट्याच राहायच्या, लवकरच ऐंशीच्या होणार होत्या. बाबांची आणि त्यांची कुंपणापलीकडून गट्टी जमली होती. त्या बाबांना 'मिस्टर के' म्हणायच्या (कुलकर्णी म्हणण्याचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता, पण कवळी सैल होती), आणि बाबा त्यांना कोथिंबीर कशी लावायची ते शिकवायचे. एकदा चहाला बोलावलं असताना मिसेस हॉलोवेंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढून दाखवला आणि मी हातातला कप घाईनं लांब सरकवला. अस्सल अमेरिकन ब्रॉडसाइड! त्यांचे आजोबा बोटीवर खानसामा होते. त्यांनी बॉस्टनच्या बंदरात घेऊन तो बायकोसाठी आणला होता. खलाशाची बायको धक्क्यावर वाट बघते आहे, अशी साधीच कविता. ती त्या घरात दर वाढदिवसाला मोठ्यानं वाचायची पद्धत होती. आधी आजी वाचायची, मग आई, आता ह्या.

"तुम्ही हा हातात धरून वाचता?" मी किंचाळलोच. "उघड्या हातांनी? चहा पिताना?"

"हो, म्हणजे... केकही असतो," त्या ओशाळून म्हणाल्या.

मग मी माझी अक्कल पाजळायला घेतली. घामानं काय होतं, उजेडानं काय होतं, पत्र्याच्या डब्यानं काय होतं. असा कागद मी दुसरा पाहिलेला नाही, मला आठवडाभर द्या, मी नीट कॅटलॉग करतो, तुमच्या वाढदिवसाला, रविवारी, परत आणून देतो आणि ह्याला जिवापाड जपतो. त्यांनी विश्वासानं कागद माझ्या हवाली केला. निघताना मी हातमोज्यांचा एक जोड त्यांना भेट दिला. केवढा उदार मी!

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो, तर बाबा दारातच उभे. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं कोथिंबीर उगवली.

"डोळे मीट," ते म्हणाले.

मी मिटले.

"आता उघड."

मी उघडले, आणि लगेच पुन्हा मिटले. मिसेस हॉलोवेंचा कागद बाबांच्या हातात चकाकत होता. खलाशाची बायको जाड, गुळगुळीत, पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमची बंद झाली होती! वर एक भोक पाडून त्यातून लाल रिबीन ओवली होती.

"भोक प्लास्टिकला आहे," बाबा घाईनं म्हणाले. "कागदाला धक्का नाही लावला. मला काय कळत नाही का?"

"बाबा... हे... कुणी..."

"हायरोडवरच्या दुकानातल्या जिग्नेशभाईंनी. मी सांगितलं, सब से मोटावाला लगाओ. त्यांनी पासपोर्टालाही एवढं जाड कधी लावलं नव्हतं म्हणे."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. बाबांना वाटलं मला आनंद सोसवत नाहीये.

"अरे, ती बाई परवा कुंपणाशी आली होती," ते सांगू लागले. "रडवेली झाली होती बिचारी. म्हणाली, माय हँड्स शेक, मिस्टर के. म्हणाली, तो मोजा घालून वर्तमानपत्र धरून बघितलं, तर तेही हातातून निसटतं. आता लांबूनच बघून वाचीन म्हणते, नाहीतर वाचणारच नाही. म्हटलं, थांब बाई, करतो तुझी सोय."

मी आमच्या संग्राहक मंडळाच्या जाणकारांना फोन लावला. मिस्टर विटकम. अत्यंत सभ्य गृहस्थ.

"माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "समजा एखादा ब्रॉडसाइड चुकून लॅमिनेट झाला, तर..."

अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुमचा मित्र अजून मोकळा फिरतोय?"

प्लास्टिक काढता येणं जवळजवळ अशक्य, असं त्यांनी सांगितलं. मी नेमका 'जवळजवळ' हा शब्द तेवढा ऐकला. मेधा ड्यूटीवरून आली तोवर मी इस्त्री तापवली होती.

"मूर्खासारखं काही करू नकोस," ती म्हणाली. "पेशंटवर करायच्या आधी दुसऱ्या कशावर तरी ट्रायल घ्यायची असते. बाबा, तुमची फाइल आणा."

एव्हाना काहीतरी चुकलंय हे बाबांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी मुकाट्यानं फाइल आणून टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या हातानं माझी मार्कशीट काढून दिली. मी तिच्यावर ओलं फडकं टाकलं, इस्त्री ठेवली. आधी वास आला. मग धूर. मग छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला, तो बंद करायला मी खुर्चीवर चढलो, आणि तेवढ्यात इस्त्रीखालची मार्कशीट पापडासारखी आक्रसून गोळा झाली. शाळेचं नाव गेलं, माझं नाव गेलं, गणिताचे मार्क फडक्याला चिकटून आले आणि तिथे विरघळले.

"गणितात नक्की किती होते रे तुला?" मेधानं फडक्यावर वाकून विचारलं.

"नेहमी सांगतो तेवढेच," मी म्हणालो. त्या संध्याकाळची ही एकच जमेची बाजू.

मेधानं ट्रायलसाठी फाइलमधून दुसरा कागद ओढला. छोटीशी चिठ्ठी होती. बाबांनी झटकन तिच्यावर तळहात ठेवला.

"हा नाही," ते म्हणाले.

आईच्या अक्षरातलं आमटीचं प्रमाण होतं ते. डाळ, चिंच, गोडा मसाला. मधल्या एका शब्दाची शाई पसरली होती.

"ती गेली त्या आठवड्यात मी आमटी करायला घेतली," बाबा म्हणाले. "चिठ्ठी ओट्यावर ठेवली होती. ओला हात लागला, आणि 'गूळ' पुसला गेला. तिचं दुसरं अक्षर घरात नाही रे. हिशेबसुद्धा मीच लिहायचो. म्हटलं, उरलंय ते तरी जाऊ द्यायचं नाही. तसाच उठलो, गॅस बंद केला आणि दुकान गाठलं." मग चिठ्ठी परत फाइलमध्ये ठेवत म्हणाले, "आता बिनधास्त ओट्यावर ठेवतो. फोडणी उडाली तरी पुसून घेतो."

त्यांना बोलायचं म्हणून मी मनात जे जे जुळवलं होतं, ते बाजूला ठेवून मी फाइल नीट बंद करून त्यांच्या हातात दिली. मेधानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि आमटी टाकायला घेतली.

पण कागद आपला नव्हता, हे काही बदलत नव्हतं. शनिवारभर मी आरशासमोर माफी घोकत होतो. एका घराची तीन पिढ्यांची आठवण मी जिवापाड जपायला म्हणून नेली होती आणि तिला परत देणार होतो रिबीन लावून. मेधा म्हणाली, "सरळ सांग. ऑपरेशन बिघडलं तर नातेवाइकांना आम्ही आधी बसवतो, मग सांगतो." रविवारी बाबांनी कोट घातला, टाय बांधला, फाइल काखेत मारली.

"फाइल कशाला?"

"लागली म्हणजे?"

मिसेस हॉलोवेंच्या बैठकीच्या खोलीत मुलगा, सून, नातवंडं, सगळी जमली होती. सँडविचेस, केक, चहा. मी सांगितल्याप्रमाणे पांढरे हातमोजे टेबलावर घडी करून ठेवलेले होते.

"मिसेस हॉलोवे, तुम्ही आधी बसा," मी म्हणालो.

"मी बसलेलीच आहे, डियर."

एवढ्यात बाबांनी पुढे होऊन कागद सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला. "यू रीड," ते म्हणाले. "नो टेन्शन."

मिसेस हॉलोवेंनी तो चकाकता ऐवज उलटा केला, सुलटा केला, रिबिनीला हात लावला. त्यांच्या मुलाचा चेहरा मिस्टर विटकमसारखा व्हायला लागला. मी "अॅक्च्युअली, आय ॲम टेरिबली..." अशी सुरुवात केली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी एका हातात कागद घेतला, दुसऱ्या हातात सवयीनं चहाचा कप घेतला, आणि वाचायला लागल्या. हात थरथरत होते. तिसऱ्या कडव्याला कप कलंडला आणि चहा खलाशाच्या बायकोच्या थेट डोक्यावर! सगळ्यांच्या तोंडून "ओह!" निघालं.

मिसेस हॉलोवेंनी नॅपकिन घेतला. पुसलं. कागदाकडे बघितलं. पुन्हा एकदा, उगाचच, पुसलं.

"वेल!" त्या म्हणाल्या. "आईनं वाचताना तिच्या मागे एक माणूस कागद सांभाळायला उभा असायचा. मिस्टर के, तुम्ही कुठे होतात इतकी वर्षं?"

आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचली. बायको अजून धक्क्यावरच होती, वाट बघत. शेवटी मिसेस हॉलोवेंचा आवाज कापला, पण तो हातामुळे नव्हता.

(संग्राहक मित्रहो, तरीही असं करू नका. शास्त्राच्या दृष्टीनं हा गुन्हाच आहे. हे मी माझ्या समाधानासाठी इथे लिहून ठेवतो.)

मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिथेच चुकलो. कारण बाबांनी आता फाइल उघडली.

"वुई आल्सो हॅव," ते सगळ्यांना म्हणाले. "फ्रॉम माय सन्स वेडिंग."

आणि फाइलच्या तळातून त्यांनी एक गुलाबी कागद काढला. झळझळीत लॅमिनेट केलेला. मी रद्दीत घातलेल्या त्या गठ्ठ्यातून उचललेला.

"बाबा, नको!"

"श्लोक उभ्यानं ऐकायचे असतात," बाबा म्हणाले. "ऊठ. मेधा, तूही ऊठ." मेधा नको इतक्या उत्साहानं उठली. अंतरपाट हवा म्हणून मिसेस हॉलोवेंच्या नातवंडांनी आयल ऑफ वाइटचा नकाशा छापलेला टी-टॉवेल आमच्या मध्ये धरला. अक्षता म्हणून खारे शेंगदाणे वाटले गेले. आणि बाबांनी खड्या आवाजात, अस्सल मांडवातल्या चालीत, आत्याचं काव्य सुरू केलं. अधीर आला, रुधिर आला, 'बधिर'ला मेधा टी-टॉवेलमागे हसून हसून खाली बसली. "सावधान!" म्हटल्याबरोबर ऐंशी वर्षांच्या बाईंनी नेम धरून मारलेला पहिला शेंगदाणा माझ्या कपाळावर बसला.

घरी येताना बाबा म्हणाले, "तुझ्या कॅटलॉगात घालशील का रे हा? दुसरी प्रत नसणार कुठे."

"बघू," मी म्हणालो. कॅटलॉग अमेरिकन कागदांचा होता. नियम म्हणजे नियम! व्हिसा संपला, बाबा परत गेले, आणि जाताना गुलाबी कागद आमच्या फ्रीजला चुंबकानं लावून गेले. दोन हिवाळ्यांनी तेही गेले. आईच्या चिठ्ठीसकट ती फाइल आता माझ्याकडे आहे, आणि आमटी मी चिठ्ठी बघूनच करतो. मिसेस हॉलोवेही आता नाहीत. त्यांचा कागद त्यांच्या नातीकडे आहे आणि दर वाढदिवसाला पुसला जातो असं ऐकतो.

माझ्या बुडालेल्या गायी फोल्डरमध्ये श्वास घेत पडल्या आहेत. वर्षातून एकदा मी हातमोजे घालून त्यांना भेटतो. गुलाबी कागद मात्र रोज नजरेसमोर असतो. बाबा गेले त्या महिन्यात मी एक्सेल उघडलं, नियम बाजूला ठेवला आणि शेवटची नोंद केली. शीर्षक: शुभमंगल. गाव: पुणे. स्थिती: उत्तम, कडा शाबूत, रंग ताजा.

मेधा मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "आणि आतल्या नवरदेवाची स्थिती?"

मग मी तीही लिहिली. किंचित पिवळट, कडा झिजलेल्या, मधोमध घडी, ठिकठिकाणी डाग. वेळीच लॅमिनेट करायचा राहून गेला.